मावशींच्या अंगठ्याची सुट्टी

आमच्याकडे भांडी घासायला येणाऱ्या मावशी जिवंत आहेत, हे सरकारला पटत नव्हतं. मला रोज पटत होतं, कारण सकाळी सातला त्या दार वाजवायच्या आणि मी उठून कडी काढेपर्यंत वाजवतच राहायच्या. पण माझ्या साक्षीला लातूरच्या तहसीलमध्ये कुणी विचारत नव्हतं. तिथं अंगठा लागत होता, आणि मावशींचा अंगठा मशीन घेत नव्हतं.

मावशी निलंग्याकडच्या. नवरा जाऊन वीस वर्षं झाली, मूलबाळ नाही, औसा रोडच्या मागे पत्र्याच्या एका खोलीत एकट्या राहतात. सरकार त्यांना दर महिन्याला थोडे पैसे देतं. त्याला आमच्याकडे सगळे ‘निराधारचा पगार’ म्हणतात. त्या पगारातून खोलीचं भाडं निघतं आणि चार घरच्या भांड्यांवर पोट आणि बीपीची गोळी भागते. वर्षातून एकदा सेतू केंद्रात जाऊन मशीनवर अंगठा ठेवायचा, म्हणजे बाई हयात आहे अशी नोंद होते. महिनाअखेरपर्यंत नोंद झाली नाही तर पगार बंद, आणि एकदा बंद झाला की पुन्हा पहिल्यापासून अर्ज, तलाठी, रहिवासी दाखला, सगळं. तेवढे महिने घरमालक थांबणार नव्हता. त्याने तसं सांगूनच ठेवलं होतं.

आता माझं सांगते. मी तेहतीस वर्षं शाळेत नागरिकशास्त्र शिकवलं. ‘कल्याणकारी राज्य म्हणजे काय?’ हा प्रश्न मी इतक्या वेळा परीक्षेत घातला, की शेवटी शेवटी मुलं मी वर्गात शिरायच्या आत उत्तर म्हणून दाखवायची. निवृत्त झाल्यावर मलाही दर वर्षी हयातीचा दाखला द्यावा लागतो. यंदा आमच्या ह्यांनी मोबाईल माझ्या तोंडासमोर धरला, मोबाईलने डोळे मिचकवायला सांगितलं, मी मिचकवले. झालं. मी गाऊनवर होते, केस विंचरलेले नव्हते, तोंडात पोह्याचा घास होता, आणि सरकारचा माझ्यावर लगेच विश्वास बसला.

मावशी दोनदा सेतूत जाऊन हात हलवत परत आल्या तेव्हा माझं टाळकं सरकलं. म्हटलं, चला, मी येते, बघू कसं घेत नाही. सेतूवाला पन्नाशीचा गृहस्थ होता, नांदेडकडचा, अर्धापूरचा असावा, कारण बोलता बोलता तिथल्या केळीचा विषय दोनदा निघाला. माणूस वाईट नव्हता. त्याने मावशींचा अंगठा रुमालाने पुसला. मग स्वतःच्या डोक्याचं थोडं तेल त्याला लावलं. मग म्हणाला, आजी, बोट कपाळाला घासा. मावशींनी घासलं. मग उजव्या हाताची पाची, मग डाव्या हाताची पाची. मशीनचा लाल दिवा काही हलेना.

“मॅडम, मशीन घेऊनच नाही राहिलं,” तो म्हणाला.

“मग डोळ्याचं करा.”

“आजीला मोतीबिंदू आहे. डोळा पण नाही घेत.”

“मोबाईलवर नंबर येतो ना, तो घाला.”

“येतो. पण आधारला जो मोबाईल जोडला आहे तो यांच्या पुतण्याचा. तो पुण्याला गेला आणि नंबर बदलला त्यानं.”

“मग इथला नवा नंबर जोडा.”

“जोडता येतो की,” तो म्हणाला, “त्याला अंगठा लागतो.”

यानंतर मी जे बोलले ते सगळं इथं लिहीत नाही. साधारण पाऊण तास मी नागरिकशास्त्र घेतलं. मागच्या रांगेतले लोक आधी वैतागले, मग ऐकू लागले, एकाने मला बसायला खुर्ची दिली. माझ्यासारखं डोळे मिचकवून यांचं का होत नाही, असं मी विचारलं, तेव्हा तो म्हणाला, ते पेन्शनवाल्यांसाठी, निराधारला अंगठाच. मी आणखी तापले. मावशी माझा पदर ओढत होत्या. “बाई, चला. त्यान्ला तरी काय म्हाईत. म्या मेली असंन तर असंन.”

सेतूवाल्याने माझं बोलणं संपायची शांतपणे वाट पाहिली आणि विचारलं, “आजी काम काय करतात?”

“भांडी घासतात.”

“किती वर्षं झाली?”

मावशी म्हणाल्या, “लई झाली. बाईंच्यात बारा.”

“मग रेषा कुठून राहतील, मॅडम? घासून गेल्या. आठ-दहा दिवस यांना पाण्यात हात घालू देऊ नका. राख नको, पावडर नको, तारेची घासणी तर बिलकुल नको. रोज खोबरेल लावा. येतात रेषा परत. मी पुष्कळ बघितलंय.”

म्हणजे मावशींच्या रेषा आमच्या मोरीत वाहून गेल्या होत्या. रिक्षात मी पदराने कपाळ पुसत राहिले. मावशींना वाटलं, मला उन्हाचा त्रास झाला.

मावशींची चार घरं म्हणजे आमचं, एका डॉक्टरांचं, मुलींची एक मेस आणि कोपऱ्यावरचा शिकवणीच्या क्लासवाल्यांचा तीन मजली बंगला. संध्याकाळी मी चारही घरच्या बायकांना आमच्या गच्चीवर बोलावलं आणि प्रश्न मांडला. सगळ्या हळहळल्या. क्लासवालीण सगळ्यात जास्त हळहळली. “सरकारनं काहीतरी करायला पाहिजे बाई,” असं ती तीन वेळा म्हणाली. मी म्हटलं, सरकार करील तेव्हा करील, आपण आठ दिवस आपली भांडी आपण घासू या. तेव्हा सगळ्या आपापल्या बांगड्या बघू लागल्या. मेसवाली म्हणाली, साठ मुलींची ताटं आहेत. डॉक्टरीणबाईंनी मान डोलवली, पण होकारार्थी की कशी ते कळेना.

त्यातच क्लासवालीण सहज बोलून गेली, “आमच्या सासूबाईंचं तर घरी येऊन करून गेले हो. एका फटक्यात घेतला अंगठा.”

“कशाचा अंगठा?” मी विचारलं.

“निराधारचा,” ती म्हणाली, आणि जीभ चावली.

या सासूबाई मला चांगल्या माहीत आहेत. बंगल्यापुढे दोन गाड्या, गच्चीवर झोपाळा, आणि त्या झोपाळ्यावर सासूबाई. चाळीस वर्षांत त्यांनी कपसुद्धा विसळलेला नाही, हे त्या स्वतःच अभिमानाने सांगतात. त्यांच्या अंगठ्यावरच्या रेषा अशा ठसठशीत, की मशीनने दुरूनच घेतला असेल. सरकारला बिचाऱ्याला निराधार शोधून काढायचा होता, आणि ज्याच्या हाताला काम नाही त्याचाच हात त्याला नीट वाचता येत होता. मी तिथं फार बोलले नाही. फक्त म्हटलं, “मग ठरलं तर. उद्यापासून आठ दिवस.” क्लासवालीण सगळ्यात आधी तयार झाली. मेसने पत्रावळ्या आणल्या आणि डॉक्टरांचं कुटुंब अचानक सोलापूरला लग्नाला गेलं.

खरी पंचाईत मावशींची होती. त्यांना बसता येत नव्हतं. दुसऱ्याच दिवशी मी खोबरेलाची बाटली घेऊन त्यांच्या खोलीवर गेले, तर त्या शेजारच्या बारशाचं मोठं पातेलं पायात धरून घासत होत्या.

“मावशी, हे काय?”

“ह्ये काम थोडंच हाय बाई? ह्ये फुकट हाय.”

मी त्यांना जवळजवळ धरूनच घरी आणलं. म्हटलं, आठ दिवस माझ्या डोळ्यांपुढे बसायचं, रात्री झोपायला तेवढं खोलीवर. त्या स्वयंपाकघराच्या उंबऱ्याशी भिंतीला टेकून बसल्या, दोन्ही हात तेलात माखून मांडीवर उताणे ठेवलेले. आणि मी मोरीत बसले. गुडघ्यामुळे पाटावर बसता येईना म्हणून ह्यांनी प्लास्टिकचं स्टूल आणून दिलं.

तेहतीस वर्षं मी मुलांच्या चुका काढल्या. त्याची परतफेड त्या आठवड्यात झाली.

“बाई, तेल ऱ्हायलंय कडंला.”

“बाई, नळ सोडू नका की. दहा दिसाला पानी येतंय.”

“तांब्या आतून घासत्यात बाई, भाईरून चमकून काय उपेग?”

ह्यांनी एका दिवशी हौसेने माझी जागा घेतली. अर्धी टाकी संपवली, एक बशी फोडली आणि चार वाट्या घासून झाल्यावर आडवे झाले ते थेट जेवायला उठले. जिल्हा परिषदेत ह्यांच्या टेबलावर फायलींचा ढीग का साठायचा, ते मला त्या दिवशी कळलं. मावशी तोंडाला पदर लावून हसत होत्या. बारा वर्षांत मी त्यांना एवढं हसताना पाहिलं नव्हतं. पाहिलं नव्हतं म्हणजे काय, मी त्या वेळात पेपर वाचत असायचे.

एक गोष्ट सांगायची लाज वाटते, पण सांगते. मावशींचा चहाचा कप आमच्याकडे वेगळा आहे. खिडकीत असतो. तो कुणी ठेवला, केव्हा ठेवला, काही आठवत नाही. माझ्या सासूबाई होत्या तेव्हापासून चालत आलं. चहा झाला की मावशी तो धुऊन पुन्हा खिडकीत पालथा घालायच्या. आता हात भिजवायचे नाहीत म्हटल्यावर तो कप मी उचलला. मावशी घाबऱ्या होऊन उठल्याच. “माझा कप तुमी नका धुऊ बाई.” समतेवरचा धडा मी तेहतीस वेळा शिकवला, आणि बारा वर्षांत हा कप कोण धुतं ते माझ्या ध्यानात आलं नव्हतं. मी तो धुतला आणि आमच्या कपांच्या ओळीत ठेवला. दुसऱ्या दिवशी आम्ही तिघांनी एकाच ओळीतल्या कपांतून चहा घेतला. मी पुन्हा ओतायला लागले, तर मावशी “साकु, साकु” म्हणत कपावर हात धरून बसल्या. सीमेकडच्या माणसांना पुरे म्हणायची वेळ आली की कानडीच आठवतं.

रोज सकाळी अंगठ्याची तपासणी व्हायची. ह्यांचं पेपर वाचायचं भिंग घेऊन आम्ही तिघं खिडकीपाशी जायचो. तिसऱ्या दिवशी काहीच नव्हतं, नुसतं गुळगुळीत आणि मधूनमधून चिरा. पाचव्या दिवशी टोकाला एक बारीक वळण दिसलं. ह्यांनी ते फोनवर आमच्या पुण्याच्या मुलालाही कळवलं. सातव्या दिवशी चांगल्या चार-पाच रेषा आल्या. मावशी भिंगातून स्वतःचाच अंगठा बघत बसल्या. मग हळूच म्हणाल्या, “आईच्या हातावानी दिसतंय. ती लवकर गेली, हात झिजायच्या आदी.” मी त्यांना आणखी तेल लावलं.

नवव्या दिवशी सेतूत गेलो. महिना संपायला दोन दिवस राहिले होते. मावशींनी गहाणातून सोडवलेलं सोनं सांभाळावं तसा अंगठा पदरात गुंडाळून घेतला होता आणि रिक्षात कशालाच हात लावत नव्हत्या. पहिल्या वेळी लाल दिवा लागला. दुसऱ्या वेळीही लालच. सेतूवाल्याने अंगठा स्वतःच्या हाताने हळू थोडा तिरपा केला, दाबला, आणि दिवा हिरवा झाला. “घेतलं,” तो म्हणाला. रांगेतले लोक हसले, एका म्हाताऱ्याने टाळी वाजवली. मी रडले, मावशी नाही. त्यांनी विचारलं, “आता वरीसभर न्हाई ना मरत म्या?”

“नाही आजी,” तो म्हणाला, “वर्षभर काळजी नाही.”

आमच्याकडच्या भांड्यांच्या पगारातून मी एकाही खाड्याचे पैसे कापले नाहीत, आणि ही गोष्ट मी चार जणींना सांगितली.

दुसऱ्या दिवशी सकाळी सातला दार वाजलं. आदल्या संध्याकाळी ह्यांचे भाऊ सगळं कुटुंब घेऊन आले होते, त्यामुळे ओट्याखाली दोन घमेली भांडी पडली होती. त्याशिवाय आठ दिवसांत आम्हाला न निघालेली, ‘मावशी आल्या की बघू’ म्हणून पाणी घालून ठेवलेली वेगळीच. मावशींनी पदर खोचला, पाट ओढला. पाण्यात हात घालायच्या आधी त्यांनी एकदा अंगठा उजेडात धरून पाहिला. नव्या रेषा स्पष्ट दिसत होत्या. त्या आता किती दिवस टिकणार, ते मला ठाऊक होतं आणि त्यांनाही. पुढच्या वर्षी हाच महिना येणार, हेही दोघींना ठाऊक होतं.

आजच्या दिवस राहू द्या, असं म्हणायला मी तोंड उघडलं. आतून जाऊबाईंनी चहा झाला का म्हणून विचारलं.

“मावशी,” मी म्हणाले, “कढई जरा जोर लावून घासा. करपलीय.”