सुटीवर गेलेले वादक

साध्या गोष्टीचा गोंधळ करून ठेवावा तो माझ्या आतेभावानेच. असा माणूस यवतमाळ जिल्ह्यात दुसरा झाला नाही, आणि त्या गोंधळात स्वतः इतका निर्धास्त राहणारा तर अख्ख्या वऱ्हाडात सापडायचा नाही. पुण्याला इंजिनिअर व्हायला गेलेला हा माणूस इलेक्ट्रिक गिटार, खांद्यापर्यंत केस आणि विटलेला काळा टी-शर्ट एवढं घेऊन परत आला. आत्याने दारातच विचारलं, "परीक्षा झाली का रे?" तर म्हणाला, "झाली ना. पण मी नव्हतो." यापुढे काय विचारावं हे आत्याला सुचेना. त्याच्याशी बोलताना सगळ्यांचं असंच व्हायचं. उत्तर मिळायचं, पण आपण काय विचारलं होतं तेच आठवायचं नाही.

गिटार आली म्हणजे बँड आलाच. ती वर्षं कापसाच्या पडत्या भावाची. जिनिंगचे कारखाने बंद पडत होते, गावातली लग्नं आवाज न करता उरकली जात होती, आणि आमच्या वयाची पोरं एकेक करून पुणे, सुरत, हैदराबादच्या गाड्यांत बसत होती. नेमक्या अशा दिवसांत त्याने एका बंद जिनिंगच्या शेडमध्ये रॉक बँड उभा केला. ड्रमवर नसीर, जो एरवी बसस्थानकामागच्या गॅरेजात मेकॅनिक होता. बेस गिटारवर विकी, गायला प्रशांत, आणि कीबोर्डवर मी. कारण शाळेत प्रार्थनेला मी पेटी वाजवायचो हे त्याच्या लक्षात होतं. पेंटरकडून भलामोठा कापडी बॅनर रंगवून घेतला. त्यावर आमची चौघांची नावं इतकी ठळक आली की त्याचं स्वतःचं लिहायला जागाच उरली नाही. त्याला ते आठवडाभर कळलं नाही, आणि कळल्यावर त्याचं काही वाटलंही नाही.

त्याच्या बँडमधून कोणी जात नसे. कोणी गेलं तर तो 'सुटीवर' असे. दौऱ्याच्या तोंडावर प्रशांत पोलीस भरतीत निवडला गेला आणि ट्रेनिंगला निघून गेला. आतेभाऊ शांतपणे म्हणाला, "सुटीवर हाय तो." आणि दिग्रसच्या भजनी मंडळातून मनोहर नावाचा एक लाजाळू गायक घेऊन आला. बॅनरकडे बोट दाखवून त्याला म्हणाला, "आता पुन्हा रंगवायचं कायले? तू प्रशांत."

"पण मी मनोहर हावो."

"तो प्रशांत आला की तू मनोहर."

मनोहरने बॅनरवरची नावं बोटाने मोजली. त्याला यात कुठेतरी काहीतरी चुकतंय असं वाटत होतं, पण नेमकं काय ते सापडेना. शेवटी त्याने मान डोलावली.

दौरा म्हणजे आर्णी, पांढरकवडा आणि राजूर. नसीरच्या ओळखीच्या मेटॅडोरमध्ये सामान भरून आम्ही आर्णीला पोचलो, तर गावाच्या वेशीपाशीच घोडीवर नवरदेव बसलेला. लग्नघरी फोनवर 'बँड' एवढाच शब्द नीट ऐकू गेला होता. मुलाचा मामा आमच्याकडे वरपासून खालपर्यंत बघून म्हणाला, "तुमचे लाल कोट कुठी हायेत?" मला तर तिथूनच पळावंसं वाटलं. पण आतेभावाने जराही न गोंधळता जनरेटर हातगाडीवर चढवला, वायर गिटारला जोडली आणि वरातीच्या पुढे चालू लागला. वायर संपली की तो थांबे, तो थांबला की घोडी थांबे, घोडी थांबली की बायका नाचू लागत. मंडपात पोचायला इतका उशीर झाला की भटजी चिडले. पण तशी वरात आर्णीत त्या सबंध वर्षात झाली नव्हती, असं लोक म्हणाले.

त्याच वरातीत नवरदेवाच्या मामाला विकी आवडला. मामाचं नागपुरात मोबाइलचं दुकान होतं. जेवणाच्या पंगतीतच बोलणं झालं आणि विकी नागपूरला गेला. दुसऱ्या दिवशी सकाळी मेटॅडोरमध्ये विकीच्या जागी पिकल्या मिशांचे किसनकाका मांडीवर डफडं घेऊन बसले होते. वरातीत यांनी गिटारला साथ दिली होती. "हे विकी," आतेभाऊ म्हणाला. काकांनी हात जोडून आम्हाला नमस्कार केला, मग मला हळूच विचारलं, "बाबू, विकी म्हंजे कोन्तं काम असते?"

पांढरकवड्याला हायवेवरच्या एका ढाब्याच्या मोकळ्या जागेत कार्यक्रम होता. त्या काळात कापसाची हालहवाल विचारायला कुठली ना कुठली सरकारी, टीव्हीवाली पथकं येतच असायची. मेटॅडोरमधून वायरी आणि माइक उतरताना पाहून लोकांना आम्हीही तसलंच पथक वाटलो. माणसं जमली, बोलू लागली. आम्ही कोण ते सांगायचं सोडून आतेभाऊ खाटेवर बसला आणि प्रत्येकाचं मन लावून ऐकत राहिला. एक म्हातारी त्याचा हात धरून म्हणाली, "माहा पोरगा ट्रकवर गेला बापा. कुठी भेटला तं सांगजो, माय वाट पाहून राह्यली." त्याने नाव विचारून घेतलं, आणि संध्याकाळी पहिलं गाणं सुरू करण्याआधी माइकवरून ते नाव तीनदा पुकारलं. उभ्या असलेल्या ट्रकांमधून ड्रायव्हर डोकी बाहेर काढून पाहू लागले. ही गाण्याचीच सुरुवात आहे असं समजून मनोहरने त्याच नावावर एक आलापही घेतला.

त्याआधी, सामान जोडता जोडता, नसीर आतेभावापाशी येऊन उभा राहिला होता. मी तिथेच कीबोर्डची वायर सोडवत होतो.

"भाई, माह्या मामूनं हैदराबादले गॅरेज टाकलं. मले बलावलं. आज ट्रक जाऊन राह्यला."

"जा ना. किती दिवसाची सुटी?"

"सुटी नाही. मी जाऊन राह्यलो."

"हो, पण येशीन कधी?"

नसीर चिडला. "तुले समजत काहून नाही बे? लोकाहीजवळ गाडीत टाकाले पेट्रोल नाही, तं गाडी दुरुस्तीले कोण आनन? घरी अम्मी हाय, बहिनी हायेत. मी नाही येत वापस."

आतेभावाचा चेहरा मी तोवर कधी असा पाहिला नव्हता. कोणीतरी अनोळखी भाषेत बोलावं आणि आपण ओठांकडे बघत राहावं, तसा तो नसीरकडे बघत राहिला. मग म्हणाला, "आज वाजवून जाशीन ना?"

नसीर वाजवून गेला. ट्रकचा ड्रायव्हर बॉनेटवर बसून त्याच्यासाठी थांबला होता. नसीर इतकं जीव तोडून वाजवत होता की ढाब्याचा आचारी कढई उतरवून बाहेर आला. शेवटचा ठोका देऊन त्याने काड्या ड्रमवर ठेवल्या, आतेभावाच्या पाठीवर हात ठेवला आणि ट्रकमध्ये चढला. आतेभाऊ गिटार वाजवतच राहिला. गाणं संपलं होतं. आम्ही थांबलो, लोक उठले, तरी तो तेच तीन सूर पुन्हापुन्हा वाजवत होता. शेवटी किसनकाकांनी त्याचा हात हळूच तारांवरून बाजूला केला. "बाबू," ते म्हणाले, "गाडी गेली."

राजूरला खाणकामगारांच्या वस्तीत पटांगण भरलं होतं. मागे बॅनर टांगलेला. आतेभाऊ माइकपाशी आला. सवयीने तो नसीर, विकी, प्रशांत यांची नावं घेईल म्हणून आम्ही सावरून उभे राहिलो. त्याने एकदा मागे वळून बॅनर वाचला.

"ड्रमवर कोणी नाही," तो म्हणाला. "नसीर होता, तो हैदराबादले गेला. विकी नागपूरले गेला. डफड्यावर किसनकाका हायेत, आर्णीचे. गाणारा मनोहर हाय, दिग्रसचा."

गर्दीतून एकाने ओरडून विचारलं, "मंग हा प्रशांत कोन होय?"

"तो पोलीस झाला!"

यावर जोरात टाळ्या पडल्या. दौऱ्यातल्या सगळ्यात मोठ्या टाळ्या त्याच, आणि त्या गाण्याला नव्हत्या. आतेभाऊ भांबावून हसला. मग मनोहरने त्याला येत होतं तेच भजन धरलं, काकांनी डफडं तापवून घेतलं होतं ते कडकडलं, वरून गिटार गुरगुरू लागली, आणि पाळी संपवून आलेली माणसं कोळशाने काळ्या झालेल्या कपड्यांतच नाचली. आम्ही काय वाजवत होतो ते आम्हाला अजूनही सांगता येणार नाही.

त्यानंतर बँड मोडला असं कोणी म्हटलं नाही. फक्त कोणी जमलं नाही. पावसाळा संपता संपता मलाही नागपूरला नोकरी लागली. यवतमाळच्या बसस्थानकावर तो माझी ट्रंक चढवायला आला. ट्रंक ठेवली आणि माझ्या शेजारीच बसून बोलू लागला: किसनकाकांच्या नातीचं, गिटारच्या तुटलेल्या तारेचं, असंच काहीबाही. गाडी सुटली तरी त्याचं बोलणं चालूच. कंडक्टर आला.

"तुमाले कुठी जायचं?"

"मले कुठीच नाही जायचं."

"मंग बसले काहून?"

त्याने माझ्याकडे पाहिलं. "हा जाऊन राह्यला म्हणून."

कंडक्टरने त्याला पुढच्या थांब्याचं, कळंबचं तिकीट फाडून दिलं. कळंब आलं. तिथे तो उतरला, रस्ता ओलांडून पलीकडे गेला आणि यवतमाळकडे जाणाऱ्या गाडीची वाट बघत उन्हात उभा राहिला. मी खिडकीतून हात केला. त्याने मला पाहिलं की नाही कोण जाणे; मधून कापसाचा एक ट्रॅक्टर गेला, आणि तो जाईस्तोवर आमची गाडी वळणावर आली होती.