अम्मांच्या बकऱ्या हिंदी ऐकत नाहीत

रांझीत आमच्या शेजारी राहणारे रमेशभैया चहा पिताना सहज बोलून गेले, "हमारी बोली अब अकेली अम्मा बोलती हैं." अम्मा म्हणजे कुंडमच्या पुढे गावी राहणारी त्यांची आई. त्यांना स्वतःला ती बोली येत नाही. अम्मा गेल्या की बोलीही गेली. मी लगेच बॅग भरली. आई म्हणाली, "घरची मराठी धड बोलत नाहीस, तिथे काहून चालली?" मी माझी लाल स्कूटी काढली.

कुंडमपर्यंत रस्ता मस्त. तिथे पोहा-जलेबी खाऊन घ्या, टाकी भरून घ्या. पुढे गिट्टी, मग लाल माती, मग नाला. पाणी घोट्याएवढं, दगडांवर शेवाळ. मी स्कूटीसकट आडवी झाले. उचलायला दोघी धावल्या. एक अम्मा, दुसरी त्यांची धाकटी सून सुनीता. सुनीता पोट धरून हसून राहिली होती.

कपडे वाळत टाकून मी मोबाइल पुढे धरला. "अम्मा, तुमच्या बोलीतली एखादी गोष्ट सांगा ना."

"गोष्टी ऐकणारे गेले, गोष्टीही गेल्या. आता बकऱ्यांशी बोलते तेवढंच."

संध्याकाळी पाहिलं. अम्मांनी टेकडीकडे तोंड करून एकेक लांब हाक मारली आणि बकऱ्या उतरल्या. पण अम्मांचं डोळ्याचं ऑपरेशन ठरलेलं, महिनाभर रांझीत राहायचं. इकडे रानात बिबट्या. अंधाराआधी बकऱ्या आणणार कोण?

"मी हिंदीत बोलावते ना दीदी," सुनीता म्हणाली, "तर अशा बघतात, जशी मी लाइट बिल मागून राहिली."

सोपं आहे, म्हणत मी अम्मांच्या हाकांचं रेकॉर्डिंग लावलं. बकऱ्यांनी मोबाइल चाटला.

त्या हाका म्हणजे नावं होती. बकरी जन्मते त्या दिवशी घरात जे घडलं, तेच तिचं नाव. 'छप्पर उडालं.' 'नणंद रुसून आली.' 'जावयाला खीर पुरली नाही.' बकरी गेली की ते नाव पुन्हा कोणाला देत नाहीत. घरातल्या सगळ्या गोष्टी गोठ्यात बांधलेल्या, आणि मी त्या अम्मांना मागून राहिले होते.

कोदोचा भात आणि टमाटरची चटणी खात होतो तेव्हा एक बकरी व्यायली. अम्मांनी सुनीताला पुढे ढकललं. "पहिली हाक तू मार. पिल्लू तुझाच आवाज ओळखेल."

"मला नाही जमत, अम्मा."

"मग बिबट्याला जमेल."

अम्मांनी कानात सांगितलेलं नाव सुनीता लाजत बोलली. अम्मांनी पुन्हा म्हणायला लावलं, पुन्हा, पुन्हा, पिल्लाचे कान हलेपर्यंत. अर्थ विचारला तर दोघी माझ्या खरचटलेल्या गुडघ्याकडे बघून हसल्या. 'लाल गाडीवाली नाल्यात बसली.'

आता मी घरी आहे, आणि अम्मा शेजारी मुलाकडे, डोळ्यावर हिरवी पट्टी. काल संध्याकाळी सुनीताचा फोन आला. रमेशभैयांनी स्पीकर लावला. सुनीताने अंगणातून ती हाक मारली. पिल्लू ओरडलं. मग नुसता वारा. अम्मांनी माझं मनगट घट्ट धरलं. बऱ्याच वेळाने घंटा वाजली. सुनीताने सांगितलं, पिल्लाच्या ओरडण्याने त्याची आई टेकडी उतरत होती, आणि तिच्यामागे बाकीच्या.

"हाकेचा शेवट अजून लांब ओढ," अम्मा फोनवर खेकसल्या. मनगट मात्र सोडलं नाही.

माझ्याकडे गोष्ट एकही नाही. पण अम्मांनंतर त्या बोलीत एकच वाक्य उरलं, तर ते माझ्या पडण्याचं असेल. मला चालेल. तुम्ही जाणार असाल तर नाल्यात गाडी सावकाश घाला. पडलात तरी ते नाव आता मिळणार नाही.