यादीतलं दहावं नाव

बाईंना राग लवकर येत नसे. औषधांच्या कारखान्यात एकवीस वर्षं, त्यातली बारा पॅकिंगच्या सुपरवायझर म्हणून काढलेल्या बाईला उठसूट रागावून चालत नाही. पण त्या सोमवारी त्या साहेबांच्या केबिनमधून बाहेर आल्या, तेव्हा हातातला कागद मुठीत आवळलेला होता आणि पट्ट्यावरच्या बायकांनी एकमेकींकडे बघून माना खाली घातल्या.

कागदावर घारीचं नाव होतं. महिनाअखेर तिला काढायचं होतं.

घार म्हणजे पट्ट्याच्या शेवटच्या खुर्चीवर बसणारी. तिचं खरं नाव पगाराच्या चिठ्ठीपुरतं. गोळ्यांच्या स्ट्रिपा पट्ट्यावरून सरसर पुढे जात, आणि त्यातलं एखादं रिकामं घर, एखादी टवका उडालेली गोळी हिला चार हातांवरून दिसे. नवरा गेल्यावर दोन मुली आणि अंथरुणाला खिळलेली सासू तिने याच डोळ्यांवर पोसली होती. डब्यात केस निघाला की बायका म्हणत, आधी घारीपुढून फिरवून आणायचा होतास.

पॅकिंगची एक रीत होती, कुठे लिहिलेली नव्हती पण बाईंच्या आधीपासून चालत आलेली. नवी बाई पहिल्या खुर्चीवर बसायची. हात आणि नजर तयार होईल तशी एकेक खुर्ची पुढे सरकायची. शेवटची खुर्ची सर्वांत तरबेज बाईची, कारण तिच्यानंतर माल थेट खोक्यात आणि खोक्यातून रोग्याच्या घरात. ती खुर्ची म्हणजे मान होता. घारीला तिथे पोचायला नऊ वर्षं लागली होती, आणि ज्या दिवशी ती तिथे बसली त्या दिवशी तिने सगळ्यांना पेढे वाटले होते.

दोन वर्षांपूर्वी कारखाना परदेशातल्या एका कंपनीने घेतला. कामगार खात्याच्या दारावरची पाटी जाऊन तिथे मनुष्यबळ विकास विभाग अशी पाटी आली. आतले साहेब मात्र तेच राहिले, ज्यांना बायका पाठीमागे गोडबोल्या म्हणत. मग प्रत्येक खुर्चीला नंबर मिळाला आणि प्रत्येकीपुढे एक लाल बटण आलं. खराब स्ट्रिप दिसली की काढायची आणि बटण दाबायचं. कुठल्या खुर्चीवर कोण बसतं, ते साहेबांनी बाईंकडून लिहून घेतलं आणि खाली सही मागितली. बाईंनी केली. बटणाच्या आकड्याचं पुढे काय होणार, हे त्यांनी विचारलं नाही. ती चूक त्यांची स्वतःची होती, आणि आता त्याच सहीचा कागद घारीच्या नावाला टाचणीने टाचलेला होता.

झालं होतं ते असं. तिकडच्या कारखान्यात प्रत्येकीचं टेबल वेगळं, माल वेगळा. त्यामुळे जिच्या नंबरावर खराब माल जास्त, ती कामात कच्ची, हा त्यांचा हिशेब. इथे पट्टा सगळ्यांचा एक, आणि बिघडवणारी असली तर गोळ्या भरणारी यंत्रं, बायका नव्हेत. पण कॉम्प्युटरला ते कोण सांगणार. नऊ जणींच्या नजरेतून सुटलेलं जी पकडायची, तिच्याच नावावर सर्वांत जास्त खराब माल चढत गेला. डोळ्यांत तेल घालून काम करणारी यादीत तळाला गेली. त्यात नवा नियम असा की दर दहा माणसांतला तळाचा एक काढायचा. पॅकिंगमध्ये बायका बरोबर दहा.

बाईंनी साहेबांना हे सगळं नीट समजावलं. साहेबांनाही ते कळलं, हेच जास्त संतापजनक होतं. ते म्हणाले, तुमची तळमळ मला पोचते, पण पद्धत वरून आलेली आहे. मग तुम्ही वर कळवा, असं बाई म्हणाल्या. साहेबांनी कळवलं. तीन दिवसांनी उत्तर आलं की आपले विचार आमच्यासाठी मोलाचे आहेत.

घरी बाईंचे यजमान, बसचे ड्रायव्हर, जेवता जेवता म्हणाले की सही तुझी असली तरी हात वरच्यांचा आहे, तू कशाला जिवाला लावून घेतेस. भांडी मात्र त्या दिवशी जरा जोरात आपटली गेली.

दुसऱ्या दिवशी त्यांनी घारीला बाजूला घेऊन सगळं सांगितलं. घार रडली नाही. तिने एवढंच विचारलं की मोठीची परीक्षा संपेपर्यंत तरी थांबतील का. बाई म्हणाल्या, आज खराब स्ट्रिपा काढ, पण बटण दाबू नकोस. सगळ्या या टोपलीत टाक. संध्याकाळी टोपलीत एकसष्ट स्ट्रिपा होत्या.

पुढच्या सकाळी परदेशातून अभिनंदनाचा संदेश आला. शेवटच्या खुर्चीने एका दिवसात केलेली सुधारणा सर्व कारखान्यांना दाखवण्यासारखी आहे, आणि तिकडच्या मॅडम स्वतः दुपारी स्क्रीनवर बोलू इच्छितात. साहेब खुशीत होते. बाई टोपली आणि घार दोन्ही घेऊन केबिनमध्ये गेल्या आणि मॅडमचा चेहरा स्क्रीनवर येताच टोपली टेबलावर पालथी केली.

हा सगळा खराब माल कालचाच, फक्त बटण दाबलं नाही, असं बाई म्हणाल्या आणि साहेबांनी त्याचं भाषांतर केलं. मॅडम वाईट नव्हत्या. त्यांनी स्ट्रिपा जवळून दाखवायला सांगितल्या, घारीकडे बराच वेळ पाहिलं आणि कबूल केलं की मोजण्यात चूक झाली. तिचं नाव काढून टाकू. मग त्यांनी आणखी काहीतरी सांगितलं, आणि ते साहेबांनी जरा खाली बघून सांगितलं. दहावं नाव मात्र लागेल. शुक्रवारपर्यंत दुसरं पाठवा.

बाईंच्या तळपायाची आग मस्तकात गेली. घार त्यांच्या शेजारी उभी होती आणि तिच्या चेहऱ्यावर सुटकेचा लवलेशही नव्हता, कारण तिच्या जागी कोण जाणार ते तिला दिसत होतं. पहिल्या खुर्चीवरची, कामाला लागून जेमतेम चार महिने झालेली, पोटुशी.

बाईंनी साहेबांना सांगितलं, यांना विचारा, त्यांच्या कारखान्यात दहावी कोण गेली. साहेब बोलू लागले ते चांगलं दोन मिनिटं बोलत राहिले. मॅडम मधूनमधून हसत होत्या. बाईंना ती भाषा येत नव्हती, पण आपल्या प्रश्नाची लांबी त्यांना ठाऊक होती.

"साहेब, मी विचारलं तेवढंच विचारा. त्यात साखर घालू नका."

साहेबांनी विचारलं. मॅडमचं हसू थांबलं. त्यांचं उत्तर छोटं होतं, तरी साहेबांना ते सांगायला वेळ लागला. तिकडे हा नियम नाही. तिथल्या कायद्याने असं काही करायचं तर कामगारांच्या मंडळाची संमती घ्यावी लागते, आणि मंडळाने ती दिली नाही.

"आणि इथे?"

"इथे संमती लागत नाही, असं वकिलांचं म्हणणं आहे."

म्हणजे तिकडची माणसं नाही म्हणाली, तिथे नियम थांबला. इथे कुणी विचारलंच नाही, म्हणून तो चालू. बाई एकवीस वर्षांत पहिल्यांदा नमस्कार न करता केबिनमधून निघाल्या.

शुक्रवारी सकाळी त्यांनी देवापुढे हात जोडले. राग शांत कर, असं एरवी मागितलं असतं. त्या दिवशी मागितलं की काम होईपर्यंत तो टिकू दे.

जेवणाच्या सुट्टीत त्यांनी शाळेतल्यासारख्या गोल अक्षरात लिहिलं, या विभागात दहा बायका आहेत, दहावं नाव कुणाचंच नाही, हा नियम आम्हाला विचारून आलेला नाही आणि आम्हाला तो मंजूर नाही. पहिली सही पोटुशीने केली. घारीने कागद उजेडात धरून वाचला आणि म्हणाली, "बाई, तारीख कालची पडली." इतक्या दिवसांत बायका पहिल्यांदा हसल्या. तारीख दुरुस्त झाली. सगळ्यांत खाली बाईंनी सही केली, या वेळी प्रत्येक ओळ दोनदा वाचून.

साहेबांनी कागद पाहिला आणि मऊ आवाजात सांगितलं, सुपरवायझरांचीही यादी होणार आहे. हा गेला तर तिथे तुम्ही तळाला असाल. माझंही काही खरं नाही. मी ठेवून घेतो, योग्य वेळ बघून पाठवतो.

"आत्ता पाठवा. मी बसते."

आणि बाई कुणी बसा न म्हणता समोरच्या खुर्चीवर बसल्या. साहेबांनी त्यांच्याकडे पाहिलं, दाराच्या काचेपलीकडे गोळा झालेल्या बायकांकडे पाहिलं, कपाळावरचा घाम पुसला आणि कागद स्कॅनरवर ठेवला. मशीन घरघरलं. पट्टा सुरू व्हायची घंटा झाली, पण बाई हलल्या नाहीत. पाठवलं असं साहेब म्हणाले, तेव्हा त्यांनी स्क्रीन आपल्याकडे वळवायला लावली आणि कागद गेल्याची खूण स्वतःच्या डोळ्यांनी बघितली. मग त्या उठल्या. राग अजून तसाच होता.