आधीच खुनी सांगणारे साडू

खून झाल्यापासून दहा मिनिटांत खुनी ओळखणारा माणूस अख्ख्या नगर जिल्ह्यात एकच आहे, आणि माझं नशीब असं की तो माझा थोरला साडू आहे. ते पोलिसांत असते तर जिल्ह्याचं भलं झालं असतं. पण ते होते तलाठी, आता निवृत्त होऊन तिसगावला असतात, त्यामुळे या विद्येचा सगळा भार हिंदी सिनेमावर आणि माझ्या उजव्या कानावर पडतो. कुठलाही रहस्यपट लागला की ते सकाळच्या एसटीनं नगरला येतात आणि मला धरून थेटरात नेतात. गेल्या दोन वर्षांत, एक सिनेमा सोडला तर, मी एकाही रहस्यपटाचा शेवट शेवटी पाहिलेला नाही. या वयात मला आता फार काही नको आहे. एक सिनेमा, एकच, असा बघायचाय की खुनी कोण ते मला पडद्यानं सांगावं, साडूंनी नाही.

त्यांची पद्धत साधी आहे. मेलेल्या माणसाच्या जमिनीवर कुणाची नावं लावायची, हे काम त्यांनी तीस वर्षं केलं. त्यामुळे पडद्यावर प्रेत पडलं की बाकीचे लोक दचकतात आणि साडू विचारतात, "वारस कोन?" एकदा एक शेठ गच्चीवरून पडला. विजा कडाडत होत्या, नायिका किंचाळत होती, सगळं थेटर श्वास रोखून बसलेलं. साडू शेंगदाणे सोलत म्हणाले, "शेठला पोरगं न्हाई. बायको दुसरेपनाची. हा मेव्हना बारा वर्षं बंगल्यात राहतोय, पन नुसता कब्जा हाय, कागूद एक न्हाई. ह्यानंच ढकलला." मध्यंतराला अजून तासभर होता. मागच्या रांगेतली कॉलेजची मुलं आधी म्हणाली, "ओ काका, गप बसा ना." मध्यंतरानंतर तीच मुलं पुढं वाकून विचारायला लागली, "काका, मग वकील पण सामील आहे का?" साडूंनी वकिलाचंही सांगितलं. शेवटी सगळं तसंच निघालं. मुलांनी साडूंना पॉपकॉर्न दिलं. मला कुणी काही दिलं नाही.

नुसता खुनी सांगून गप्प बसले असते तरी मी सोसलं असतं. पण त्यांना पंचनाम्याचाही सोस आहे. दुसऱ्या एका सिनेमात इन्स्पेक्टरनं रक्तानं माखलेला सुरा सरळ रुमालात गुंडाळून खिशात टाकला, तेव्हा साडू उभेच राहिले. दोन पंच कुठायत, सह्या कुणाच्या, प्रेताच्या पूर्वेला काय पश्चिमेला काय, काही लिहिलं का, हे त्यांनी पडद्याकडं हात करून विचारलं. "असला पंचनामा कोर्टात टिकायचा न्हाई," असं ते मला सांगत असताना डोअरकीपर बॅटरी घेऊन आला. त्याला वाटलं होतं म्हाताऱ्या माणसाला काही त्रास होतोय. साडूंनी त्याला शेजारी बसवून घेतलं, शेंगदाणे दिले आणि विचारलं, "तुमी हा पिच्चर किती बारी बघितला?" तो म्हणाला, अकरा वेळा. "मग खुनी त्यो पुतन्याच का न्हाई?" डोअरकीपरनं माझ्याकडं बघितलं. माझा चेहरा बघून त्याला दया आली असावी, पण शेंगदाणे खाऊन झाले होते. तो म्हणाला, "हो, पुतण्याच."

चुकले ते एकदाच. त्या सिनेमातला खुनी माथेफिरू होता, ज्यांना मारलं त्यांच्याशी त्याचं नातं ना गोतं. शेवट बघून साडू इतके खट्टू झाले की परत जाताना एसटी स्टँडवर चहासुद्धा घेईनात. "ज्याला काय मिळायचं न्हाई त्यानं खून करायचाच कशाला?" असं त्यांनी मला आठ दिवस फोनवर विचारलं. मी आयुष्यभर एमआयडीसीत स्टोअरकीपर होतो. आमच्याकडे नटबोल्ट कमी पडत, वारस कमी पडत नसत.

हे सगळं पूर्वी माझ्या कानापर्यंत येतच नव्हतं. पूर्वी आम्ही तिघं जायचो, आणि मध्ये अक्का बसायच्या. अक्का म्हणजे माझी थोरली मेहुणी. साडूंचा सगळा तपास त्यांच्या कानात जायचा आणि तिथंच जिरायचा. पडद्यावरची नजर न काढता त्या "व्हय, व्हय" म्हणायच्या आणि आपला सिनेमा आपण बघायच्या. ही किमया त्यांना कशी जमायची, ते मी कधी विचारलं नाही, आणि दोन वर्षांपूर्वी अक्का गेल्या. पहिल्या सिनेमाला साडूंनी मला शेजारी बसवलं तेव्हा मला बरंच वाटलं होतं. चौथ्या-पाचव्या सिनेमानंतर मी थकलो. खरं सांगतो, अगदी थकलो. त्यांचा फोन वाजला की माझा उजवा कान दुखायला लागायचा.

म्हणून गेल्या महिन्यात मी खोटं बोललो. नवा सिनेमा लागला होता, शेवट कुणाला सांगू नका अशी जाहिरातच होती त्याची. साडूंचा फोन आला. मी म्हणालो, गुडघा सुजलाय, जिना चढवत नाही. ते म्हणाले, "मग ऱ्हाऊ द्या. एकट्यानं काय बघायचं. एरंडेल लावा." आणि गुरुवारी दुपारच्या खेळाला मी एकटा जाऊन अगदी मागच्या रांगेत बसलो. काय तो आनंद. प्रेत पडलं आणि मी मनापासून दचकलो.

तेवढ्यात चार रांगा पुढून आवाज आला. हळूच, पण ओळखीचा. "वारस कोन?"

साडूंचं टक्कल पडद्याच्या उजेडात दिसत होतं. शेजारच्या खुर्चीवर त्यांची पिशवी होती. एका बाईंनी तिथं बसू का म्हणून विचारलं, तर म्हणाले, "मानूस यायचाय." मग थोड्या वेळानं ते पिशवीकडं वाकून काहीतरी बोलले. बोलता बोलता थांबले, सरळ बसले, आणि त्यानंतर बोललेच नाहीत. मी तासभर तो सिनेमा बघत होतो म्हणायचं. डोळे त्या टकलावरच होते. पळून जावं असं फार वाटलं. शेवटची वीस-पंचवीस मिनिटं राहिली तेव्हा उठलो, खाली गेलो, पिशवी उचलली आणि बसलो.

त्यांनी माझ्याकडं बघितलं, माझ्या गुडघ्याकडं बघितलं. "सूज उतरली वाटतं," म्हणाले. रागानं नाही. मी विचारलं, एकट्यानं बघायचा नव्हता ना, मग दोन तिकिटं कशाला काढली? "खिडकीपशी गेलो का दोनच तोंडात येत्यात," ते म्हणाले. "तुमी बघा निवांत. मला कळतं हो, तुमाला तरास हुतो. मी बोलत न्हाई."

आणि खरंच बोलले नाहीत. दोन वर्षं मी जे मागत होतो ते मला मिळालं. पडद्यावर सगळे संशयित एका खोलीत जमले होते, खुनी कुणाला ठाऊक नव्हता, आणि माझा उजवा कान मोकळा होता. मला ते सहन होईना. शेंगदाण्याचं टरफल हातात धरून ते नुसते समोर बघत बसले होते.

मी त्यांच्याकडं वाकलो आणि म्हणालो, "साडू, मला वाटतं तो ड्रायव्हरच खुनी आहे."

त्यांनी हातातलं टरफल खाली टाकलं. मग खुर्ची करकरली.

"अवो, ड्रायव्हरच्या नावावर काय लागनार हाय?" ते म्हणाले, आणि थोडे माझ्याकडं सरकले. "म्हातारीचं मृत्युपत्र बघितलं का तुमी? मग ऐका." आणि त्यांनी खुनी कोण, का, कसा, सगळं मला सविस्तर सांगून टाकलं. मी ऐकत राहिलो. मधेच पडद्यावर कुणीतरी ओरडलं, लोकांनी टाळ्या वाजवल्या, दिवे लागले, आणि साडूंचं सांगून व्हायचं होतं म्हणून आम्ही दोघं तसेच बसून राहिलो.