नायिकेची दोन नावं

कादंबरी लिहायला घेतली तेव्हा मला लढायांची धास्ती होती. अमेरिकेतल्या नोव्हायमध्ये बसून पेशवाईच्या अखेरचं गाव उभं करायचं म्हणजे पुस्तकं मागवावी लागतील, नकाशे बघावे लागतील, याची तयारी होती. नावांचा विचार मात्र मी केलाच नव्हता. नायिकेचं नाव जाई ठेवलं, कारण ते मला आवडायचं आणि जुनं वाटायचं.

दीडशे पानं झाल्यावर ती आमच्या इथल्या मराठी मंडळातल्या एका काकांना वाचायला दिली. काका गाड्यांच्या कारखान्यातून इंजिनिअर म्हणून रिटायर झालेले. मोडी वाचतात, आणि चूक दिसली की सांगितल्याशिवाय राहत नाहीत. पंधरा दिवसांनी त्यांनी घरी बोलावलं. टेबलावर माझी पानं होती आणि जवळजवळ प्रत्येक नावाभोवती पेन्सिलने गोल. दिराचं नाव मी सुहास ठेवलं होतं, कारभाऱ्याचं विलास.

"ही माझ्या वर्गातली मुलं आहेत," काका म्हणाले.

त्यांनी स्वतःच्या घराण्याची वंशावळ काढली. त्र्यंबक, विसाजी, बाळंभट, रामाजी. दीर विसाजी झाला, कारभारी त्र्यंबक. पुरुषांचं काम अर्ध्या तासात आटपलं. मग मी नायिकेचं विचारलं. जाई चालणार नाही, असं ते ठामपणे म्हणाले. फुलाचं नाव त्या काळच्या कागदात त्यांनी तरी पाहिलं नव्हतं. पण मग काय ठेवायचं, ते त्यांना सांगता येईना. वंशावळीत सात पिढ्या होत्या आणि त्यात बाई एकही नव्हती.

काकू तिथेच सोफ्यावर आयपॅडवर वाचत बसल्या होत्या. त्या इथल्या एका हॉस्पिटलच्या लॅबमध्ये डॉक्टर होत्या, आता त्याही घरीच असतात. त्यांनी मान वर केली आणि विचारलं, की नायिकेचं हे नाव माहेरचं की सासरचं? मला प्रश्नच कळला नाही.

"लग्नात नाव बदललं असेल ना तिचं," काकू म्हणाल्या. "मग तुझ्या चौथ्या प्रकरणात ती बाळंतपणाला माहेरी जाते, तेव्हा आई तिला कुठल्या नावाने हाक मारते?"

म्हणजे काकूंनीही पानं वाचली होती. मी त्यांच्या शेजारी जाऊन बसले. त्यांनी नद्यांची, देवींची नावं सांगितली: गोदा, भागीरथी, सगुणा, अंबा. माहेरची भागीरथी आणि सासरची रमा, असं आम्ही दोघींनी ठरवलं. सासरच्या माणसांनी रमा म्हणायचं, आईने आणि भावाने भागीरथी, आणि नवऱ्याने काहीच नाही.

उठता उठता मी विचारलं, की काकू, तुमचंही बदललं होतं का? हो, म्हणाल्या. मेडिकलची डिग्री एका नावाची आणि पासपोर्ट दुसऱ्या नावाचा. अमेरिकेत यायच्या वेळी ॲफिडेव्हिट करावं लागलं, की या दोन्ही बाया एकच. मग त्यांनी ते जुनं नाव सांगितलं. फार सुरेख नाव होतं आणि काळातही बसत होतं. मी लगेच म्हटलं, हेच नायिकेला देते.

"नको," काकू म्हणाल्या. "ते माझं आहे. बहीण होती तोवर फोनवर तेवढं ऐकू यायचं."

काका चष्मा पुसत होते. मी पानं गोळा केली आणि निघाले. ते नाव मी कादंबरीत घातलं नाही, इथेही लिहीत नाही.

घरी येऊन काँप्युटरवर आधी सगळीकडे जाईचं भागीरथी करून टाकलं, सासरच्या पानांवर रमा नंतर घालणार होते. दुसऱ्या दिवशी वाचायला बसले तर 'ती रोज पहाटे पाणवठ्यावर भागीरथी' असं वाक्य समोर आलं. खाली 'पाऊस निघून भागीरथील'. असली शंभर-सव्वाशे ठिकाणं एकेक करून दुरुस्त करण्यात माझे दोन वीकेंड गेले.

त्यानंतर कादंबरी पुण्याच्या एका प्रकाशनाकडे पाठवली आणि तिथल्या संपादकांचं ईमेल आलं. दोन नावांनी वाचक गोंधळेल, एकच ठेवा, असं त्यांचं म्हणणं होतं. मी कळवलं की ती एका घरातून दुसऱ्या घरात गेली की नाव बदलतं, आणि वाचकाला ती कुठल्या घरात आहे हे माहीत असतं. दोनदा पत्रापत्री झाली, मग त्यांनी मानलं.

छापायला देण्याआधी मी सगळी पानं पुन्हा एकदा काकूंकडे दिली. या वेळी फक्त त्यांनाच. त्यांनी एकाच ठिकाणी खूण केली होती. लग्नाच्या दुसऱ्या दिवशी सासू 'रमे' अशी हाक मारते आणि नायिका हातातलं काम टाकून वळते, ती जागा.

"लगेच नाही वळत कोणी," त्या म्हणाल्या. "मला महिना लागला. सासूबाईंना वाटायचं, मला कमी ऐकू येतं."

मी ते पान परत लिहिलं. आता सासू तीनदा हाक मारते, आणि शेवटी जाऊ येऊन तिच्या खांद्याला हात लावते.