गंजीमागची थोटकं

आमच्या घरात थोटकं झाडायचं काम माझं होतं. निजामाचं राज्य होतं, कुरुंद्याच्या अंगाला आमचं खेडं, अन् मी नवी सून. सकाळी झाडायला घेतलं की बिडीची थोटकं निघायची: ओट्याखाली, तुळशीपाशी, बैलांच्या दावणीतसुद्धा. गडीमाणसं बिडी ओढणार, बोटाला चटका बसला की फेकणार, कुठं पडली ते बघायला मान वळेल तर शपथ! मी झाडू आपटत तोंडातल्या तोंडात शिव्या घालायचे.

सगळ्यात जास्त थोटकं सापडायची गोठ्यालगतच्या कडब्याच्या गंजीमागं. ती आमच्या ह्यांची, माझ्या नवऱ्याची. बापापुढं बिडी ओढायची रीत नव्हती. मिशा आल्या, लग्न झालं, तरी हे लपूनच ओढायचे. मामाजी, म्हणजे माझे सासरे, गोठ्यात यायच्या आत मी ती थोटकं उचलून चुलीत घालायचे. नवऱ्याची लाज झाकली म्हणून मलाच मोठा अभिमान! काय खुळी होते मी.

"ओढायची ती ओढा, पण विझवून तर टाका," मी एकदा म्हणाले.

"बाबा येऊन राहिले म्हणल्यावर विझवत बसू काय?" हे हसले.

खरं तर मामाजी वेळ द्यायचे. गोठ्याच्या कोपऱ्यावर येताच मोठ्यानं खाकरायचे. पोराची बिडी आपल्याला दिसू नये म्हणूनच ते खाकरणं, हे घरात सगळ्यांना ठाऊक होतं, बोलत कुणीच नव्हतं. ते ऐकलं की हे बिडी पाठीमागं भिरकावून बैलाची पाठ खाजवत उभे! मला हसू आवरायचं नाही. किती गोड दिवस होते ते, बाई. अजून आठवले की जीव भरून येतो.

चैत्रात एका दुपारी असंच झालं. मामाजी खाकरले, ह्यांनी बिडी भिरकावली, अन् दोघं बैलाच्या वेसणीचं बोलत बसले. मी भाकरी थापत होते. धूर दिसला तोवर गंजी आतून पेटली होती. सगळं गाव घागरी घेऊन धावलं. बैल सोडले म्हणून वाचले, पण पाऊस पडेपर्यंतचा चारा बघता बघता राख झाला. आता बैलांच्या पुढं टाकायचं काय? मामाजी राखेपुढं बसून राहिले. मी तोंडात पदर कोंबून रडले. ती थोटकं मी लपवली नसती, एकदा जरी मामाजींच्या पुढं टाकली असती तर!

गावानं घराघरातून कडब्याच्या पेंढ्या दिल्या. त्या पुरवून पुरवून बैलांना घालायच्या असं ठरलं. पण आमच्या घरात आठ दिवस कुणी कुणाशी धड बोललं नाही.

मग एका सकाळी मामाजी न खाकरताच गोठ्यात आले. मी शेण काढत होते. हे नेमके बिडी ओढत होते. फेकायला हात उचलला, अन् तसाच थांबला. मागं गावानं दिलेल्या पेंढ्या होत्या. बापापुढं बिडी दाखवता येईना, टाकताही येईना. ह्यांनी जळती बिडी मुठीत दाबली अन् मान खाली घातली. डोळ्यांतून पाणी आलं, पण मूठ काही उघडली नाही.

मामाजींनी ती मूठ धरून एकेक बोट सोडवलं.

"असं काहून करून राहिला, लेका? बिडी पी माझ्यापुढं. मला काही तकलीफ न्हाई."

मी हळद आणली. ती माझ्या हातातून घेऊन मामाजींनी स्वतः लावली, अन् एवढ्या मोठ्या पोराच्या तळहातावर कितीतरी वेळ फुंकर घालत बसले.