हन्ना आणि माझा दुखरा पाय

लहान पोरांचे किस्से गोळा करावे लागत नाहीत, आपोआप साचतात. लातुरात माझं मोटार रिवाइंडिंगचं दुकान आहे. रोज संध्याकाळी मी ड्रॉवर आवरतो, आणि रोज सकाळी त्यात चार नवे नटबोल्ट निघतात. कुठून येतात, देव जाणे! हन्नाच्या किश्श्यांचं तसंच आहे. हन्ना म्हणजे माझी मुलगी, सहा वर्षांची, पहिलीत आहे. दुकानात मित्र चहाला जमले की पहिला प्रश्न, "प्रकाश, हन्नाचं काय नवीन?" मी सांगतो, ते हसतात. यंदाचे काही किस्से मात्र सांगताना माझं मलाच हसू येत नाही. तरी सांगतो.

*

आमच्या घरी जेवणाआधी प्रार्थना असते. पहिलीत गेल्यापासून ती हन्ना करते. तिनंच मागून घेतली.

आता मी प्रार्थना करायचो तेव्हा काम अर्ध्या मिनिटात आटपायचं. अन्नाबद्दल आभार, आमेन, वाढ भाजी. हन्नाचं तसं नाही. ती आधी आईसाठी मागते, मग रिक्षावाल्या मामांसाठी, मग त्यांच्या रिक्षासाठी. मग वर्गातला एक मुलगा रोज रडतो, त्याच्यासाठी. मग शेजारची पौर्णिमा, पौर्णिमाचा भाऊ, पौर्णिमाच्या भावाचा पडलेला दात!

एक दिवस मला सडकून भूक लागली होती. दिवसभर बोअरच्या तीन मोटारी खोलल्या होत्या. मी डोळे मिटूनच म्हणालो, "हन्ना, थोडक्यात."

तिनं प्रार्थना थांबवली. डोळे उघडले असावेत, कारण आवाज सरळ माझ्याकडं आला. "देवाला घाई न्हाई, पप्पा. तुमालाच हाय."

आणि पुन्हा पहिल्यापासून सुरू केली!

*

आमच्या बैठकीत माझ्या वडिलांचा एक जुना फोटो आहे. वडील खुर्चीवर बसलेले, दोन्ही बाजूंना दोन पोरं. हन्नाला संडे स्कूलमध्ये 'माझं कुटुंब' असं चित्र काढायला सांगितलं होतं. ती फोटोपुढं वही घेऊन बसली.

"हे आजोबा. हे तुमी. आन् हे दुसरं पोरगं कोण हाय?"

मी पेपर वाचत होतो. म्हणजे पेपर समोर धरला होता. म्हणालो, "हाय माझ्या ओळखीचा एक माणूस."

"मंग आजोबाच्या मांडीवर हात कामून ठिवलाय त्यानं?"

"तू चित्र काढ."

रात्रीच्या जेवणाला रिक्षावाले मामा झाले, पौर्णिमा झाली, आणि मग ऐकू आलं, "प्रभू, पप्पाच्या ओळखीच्या माणसाला बरं ठेव. त्याचं नाव पप्पाला आठवून दे."

माझी बायको सुवार्ता 'आमेन' म्हणाली. जरा मोठ्यानंच म्हणाली.

*

तो माणूस म्हणजे माझा मोठा भाऊ, दाविददादा. नांदेडला असतो. आता हे सांगितल्याशिवाय पुढचं काही कळायचं नाही, म्हणून सांगून टाकतो.

सहा वर्षांपूर्वी मे महिन्यात आमचे वडील नांदेडला दादाकडं असताना वारले. सकाळीच फोन आला. माती चार वाजता ठरली. हन्ना तेव्हा सव्वा महिन्याची. आम्ही तिला घेऊन एसटीत बसलो. अहमदपूरच्या अलीकडं पोरीला उलट्या सुरू झाल्या, अंग तापलं, डोळे फिरवायला लागली. अहमदपूरला उतरून दवाखाना शोधला. तिथून मी दादाला फोन केला, "दादा, थांब माझ्यासाठी." तो म्हणाला, "थांबतो."

साडेपाचला पोचलो, तर लोक कबरस्तानाच्या गेटातून बाहेर पडत होते. हातपाय धुवत होते. आमच्यात कबरीत पेटी उतरवली की घरचे लोक एकेक मूठ माती टाकतात, पोरांची मूठ आधी. माझी मूठ राहिली. दादा म्हणाला, "ऊन लई होतं रे, पक्या. शरीर टिकेना. लोक थांबू देईनात." मी सगळ्या लोकांसमोर त्याला म्हणालो, "तू माझा बाप माझ्याबिगर पुरलास. आजपासून मला भाऊ न्हाई." आणि त्याच पावली लातूरला परत आलो.

त्यानंतर त्यानं किती फोन केले, मी एकही उचलला नाही. आणि उशीर कुणामुळं झाला, हे हन्नाला कधीच कळू द्यायचं नाही, असं मी आणि सुवार्तानं ठरवलं. तेवढं एक आम्ही शहाणपणाचं केलं.

*

दर महिन्याच्या पहिल्या रविवारी चर्चमध्ये प्रभुभोजन असतं. पाळकसाहेब दरवेळी सांगतात, ज्याचं भावाशी वाकडं असेल त्यानं आधी ते मिटवावं, मग पुढं यावं. ते सगळ्यांना सांगतात. मी मात्र सहा वर्षं बाकावरून उठलो नाही. मोठी माणसं रांगेनं वेदीपाशी जातात, गुडघे टेकून भाकर आणि द्राक्षरस घेतात. मागं बाकावर उरतात लहान पोरं आणि मी.

एका रविवारी हन्नानं विचारलं. चर्च एकदम शांत होतं, आणि ही पोरगी कुजबुजते ती गावाला ऐकू जाईल अशी!

"मी लहान हाय म्हणून बसते. तुमी कामून बसता?"

पुढच्या दोन बाकांवरच्या माना वळल्या. मी पटकन म्हणालो, "पाय दुखतो, सहा वर्षं झाली. गुडघा टेकत न्हाई."

झालं! उपासना संपल्यावर हन्ना सरळ पाळकसाहेबांकडं गेली. "माझ्या पप्पाच्या पायासाठी प्रार्थना करा. सहा वर्षांपासून दुखतो."

गुरुवारी पाळकसाहेब घरी हजर. सोबत पाळकबाई, हातात तेलाची बाटली. मला खुर्चीवर बसवलं, माझ्या डाव्या गुडघ्यावर हात ठेवला आणि चांगली दहा मिनिटं प्रार्थना केली. हन्ना शेजारी हात जोडून उभी. मला घाम फुटला होता. देवाला खोटं सांगणं एक वेळ जमतं हो, पण पोरगी मन लावून 'आमेन, आमेन' म्हणून राहिली असताना अवघड जातं.

चहा झाला. मी त्यांना दारापर्यंत सोडायला गेलो, जरा लंगडतच. पाळकसाहेब चप्पल घालता घालता हळूच म्हणाले, "प्रकाशभाऊ, मी डाव्या पायावर हात ठेवला. तुमी उजव्यानं लंगडून राहिले."

*

सुगीच्या सणाचं सांगायचं राहिलंच. त्या रविवारी मंडळीतले लोक शेतातलं, घरातलं काहीबाही चर्चमध्ये आणतात. ज्वारी, भोपळे, अंडी, कुणी कोंबडी. उपासनेनंतर अंगणात लिलाव होतो. हन्ना दोन तास एका तांबड्या कोंबडीपाशी बसली होती. तिला काय काय सांगत होती, कोण जाणे.

कोंबडीचा नंबर आला, पहिली बोली लागली, आणि हन्ना उठून उभी राहिली. डोळे मिटले, हात जोडले. "प्रभू, हिला कापणाऱ्याला घेऊ देऊ नको!"

आता सांगा, कोण बोली वाढवणार? सगळं अंगण माझ्याकडं बघायला लागलं. कोंबडी आम्हीच विकत घेतली. रोज सकाळी मी दुकानाला निघालो की ती माझ्या पायाला टोचते. त्याच, उजव्या!

*

शेजारची पौर्णिमा आणि हन्ना म्हणजे जीव की प्राण. पौर्णिमाच्या घरी आंबेडकर जयंतीला आमची हन्ना निळा फेटा बांधून पुढं, आणि आमच्या नाताळाला चांदणी लावायला पौर्णिमा पुढं. यंदा चांदणी लावतानाच दोघींचं जुंपलं. वायर कुणी धरायची, यावरून. हन्नानं पौर्णिमाला असं ढकललं की ती पायरीवर आपटली, कोपर फुटलं. रडत घरी गेली.

मी हन्नाला धरून आणलं. "आत्ताच्या आत्ता जायचं आन् माफी मागायची!"

"मला येत न्हाई मागायला."

"त्यात काय यायचंय?"

"तुमी कशी मागता?" तिनं विचारलं. खरंच विचारलं, चिडवायला नाही. डोळ्यांत पाणी होतं तिच्या. "तुमी कुणाची मागितली? तसंच म्हणते."

मी आठवायला लागलो. तुम्हीही आठवून बघा कधी, लवकर सापडत नाही. आतून सुवार्ताचा आवाज आला, "सांगा की! पोरगी खोळंबलीय."

शेवटी मी म्हणालो, "चल, मी येतो सोबत." पौर्णिमाच्या दारात आम्ही दोघं उभे राहिलो. हन्नानं काही तोंड उघडलं नाही, माझा शर्ट धरून उभी. मग मीच त्या सात वर्षांच्या पोरीला म्हणालो, "पौर्णिमा, चुकलं आमचं." तिनं मान हलवली आणि हन्नाला ओढून आत नेलं. मी बाहेर उभा होतो. मला फार लाज वाटली, आणि हलकंही वाटलं. त्या रात्री नीट झोप लागली नाही.

*

दादाचा फोन नाताळाला येतो आणि ईस्टरच्या आधी येतो. नाव दिसलं की मी मोबाइल उलटा ठेवतो. यंदा मी अंघोळीला गेलो होतो. बाहेर आलो तर हन्ना पलंगावर मांडी घालून बोलत होती.

"हाव. पहिलीत. ... कोंबडी हाय आमच्याकडं. ... न्हाई, पप्पाचा पाय दुखतो. ... तुमी कोण?"

मग ती ऐकत राहिली. पलीकडून काहीतरी बोलणं चाललं होतं. मग म्हणाली, "मंग तुमीच ते फोटोतले! तुमच्यासाठी मी रोज प्रार्थना करून राहिले. तुमचं नाव ठाव नव्हतं म्हणून नुसतं 'ओळखीचा माणूस' म्हणत होते."

टॉवेल घेऊन मी दारातच थांबलो. पुढं जाऊन फोन घ्यावा की परत आत जावं, मला कळेना. मग हन्नानं दोनदा 'हाव' म्हटलं आणि फोन ठेवला.

"पप्पा, ईस्टरला आपल्याला नांदेडला जायचं हाय. मोठ्या पप्पांनी बोलावलंय. मी हाव म्हणले."

"मला इचारलंस?"

"तुमी अंघोळीला होता."

मी सुवार्ताकडं बघितलं. ती कपाटावरची बॅग काढत होती.

*

ईस्टरच्या आदल्या दिवशी आम्ही नांदेडला उतरलो. सुवार्ता दादाच्या घरी, वहिनीकडं गेली. मला मात्र आधी वडिलांच्या कबरीवर जायचं होतं. त्या दिवसानंतर मी तिथं पाऊल ठेवलं नव्हतं. हन्ना म्हणाली, मी येणार. घेतलं सोबत.

त्या शनिवारी कबरस्तानात माणसंच माणसं असतात. रविवारी पहाटे तिथं उपासना असते, त्याआधी सगळे आपापल्या कबरी धुतात, चुना लावतात. कुणाची फरशीची, कुणाची सिमेंटची, नावाची पाटी बसवलेली. वर्षभरात माती बसली की आमच्यात कबर बांधून घेतात. मी पाट्या वाचत वाचत गेलो. वडिलांची पाटी काही सापडेना.

मग लांबून दादा दिसला. उकिडवा बसून खुरप्यानं गवत काढत होता. केस पांढरे झालेले, पाठ वाकलेली. त्याच्यापुढं नुसता मातीचा ढीग होता. डोक्याशी लाकडी क्रूस, बाकी काही नाही. एक वीट नाही की चुन्याचं बोट नाही.

माझ्या डोक्यात तिडीक गेली. इतके दिवस मनात काय काय जुळवलं होतं, कसं बोलायचं, काय म्हणायचं. सगळं गेलं. सहा वर्षांनी भावाशी बोललेले माझे पहिले शब्द हे होते, "सहा वर्षं झाली, बापाची कबर बांधता आली न्हाई तुला?"

दादा खुरपं धरून तसाच बसला होता. वर बघून म्हणाला, "तुझी मूठ राहिलीय ना, पक्या. तुझी मूठ पडल्याबिगर कशी बांधू?"

शेजारच्या कबरीवर कुणीतरी पाणी ओतत होतं. दादानं खुरप्यानं एका जागी माती खणून मोकळी केली आणि बाजूला सरकला. मी खाली वाकलो. गुडघे टेकले. मूठभर माती घेतली, पण ती सोडवेना. तशीच मुठीत धरून बसलो आणि लहान पोरासारखा रडलो. दादानं खांद्यावरच्या टॉवेलात तोंड घातलं होतं.

हन्ना आमच्या मधे उभी होती. कधी माझ्याकडं बघत होती, कधी दादाकडं. मग ती खाली बसली, तिनंही आपल्या छोट्या मुठीत माती घेतली आणि माझ्या मुठीला मूठ लावली. दोघांनी मिळून सोडली.

तिनं फ्रॉकला हात पुसले. आम्हा दोघांचं रडणं काही थांबेना, म्हणून थोडा वेळ वाट बघितली. मग दादाच्या खांद्याला बोट लावून म्हणाली, "झालं ना? आता बांधा, मोठे पप्पा."